पाण्यात साखरेला धातू जोडताना: प्रयोगशाळेत या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रकल्पांत वारंवार दिसणारा प्रकार असा: ग्लुकोजचे द्रावण घेतले, त्यात कॅल्शियम क्लोराईड घातले, चालकता मोजली, ती साखर नसलेल्या द्रावणापेक्षा उतरलेली दिसली आणि वहीत ‘संकुल तयार झाले’, म्हणजे साखरेने धातूचा आयन धरला, अशी नोंद झाली. बहुतेक वेळा संकुल झालेलेच नसते. चालकता उतरते ती द्रावण दाट झाल्यामुळे.

या विषयातल्या चुकांची मुळे शोधत गेलो की बरीचशी एकाच जागी येऊन मिळतात: पाणी. शुद्ध पाण्याच्या एका लीटरमध्ये पाण्याचेच ५५.५ मोल असतात आणि प्रत्येक रेणूला धातूच्या आयनाजवळ जागा हवी असते. साखरेचा हायड्रॉक्सिल गट हा धातूच्या दृष्टीने पाण्याच्या रेणूपेक्षा फारसा वेगळा नाही. मग पाण्याला हटवून साखर तिथे बसेल कशाला? दोनच परिस्थितींत बसते. एक, साखरेचे दोन-तीन हायड्रॉक्सिल अशा कोनात असले की ते एकदम, एकाच आयनाला धरू शकतात. दोन, अल्क घालून त्या हायड्रॉक्सिलमधला प्रोटॉन काढून टाकला. या दोन्ही गोष्टींची तपशिलात गल्लत झाली की प्रयोग फसतो.

सुरुवातच ग्लुकोजपासून करणे

ग्लुकोज स्वस्त, ग्लुकोज कपाटात आहे, म्हणून ग्लुकोज. पण उदासीन पाण्यात कॅल्शियम धरण्याच्या बाबतीत ग्लुकोज जवळपास सगळ्यात कमकुवत उमेदवार आहे. बीटा-ग्लुकोजच्या खुर्चीसारख्या वलयावर सगळे गट आडवे (वलयाच्या पातळीत, वर-खाली उभे नव्हेत) असतात. धातूला हवी असते ती लागोपाठच्या तीन हायड्रॉक्सिलांची ‘उभा-आडवा-उभा’ मांडणी. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात स्टीफन अँग्याल यांनी इनॉसिटॉल आणि साखरांवर केलेल्या कामातून हा नियम पुढे आला आणि आजही साखर निवडताना तोच पहिला निकष आहे. पाच अणूंच्या वलयात हीच सोय एका बाजूला असलेल्या सलग तीन हायड्रॉक्सिलांमुळे होते.

म्हणून पहिला प्रयोग रायबोजवर करा. त्याच्या अल्फा-पायरानोज (सहा अणूंच्या वलयाच्या) रूपात ही मांडणी आयती मिळते, आणि टॅलोज किंवा अॅलोजच्या तुलनेत तो सहज व स्वस्त मिळतो. ग्लुकोज टाकून देऊ नका. तो ‘न धरणारी साखर’ म्हणून तुलनेला ठेवा, कारण पुढे त्याची प्रत्येक पायरीवर गरज पडणार आहे.

धातू निवडतानाही असाच घोळ होतो. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम आवर्तसारणीत एकाखाली एक, म्हणून दोघे सारखेच वागतील असे धरले जाते. उभा-आडवा-उभा या खाचेत नीट बसतात ते साधारण १०० ते ११० पिकोमीटर त्रिज्येचे आयन. कॅल्शियम १००, लँथनम १०३, सोडियम १०२. सोडियमवर प्रभार एकच असल्याने त्याची पकड ढिली. मॅग्नेशियम ७२ पिकोमीटरचा, खाचेला लहान, आणि आपल्याभोवतीची सहा पाणी-रेणूंची कडी तो सहजासहजी सोडत नाही. मॅग्नेशियम क्लोराईडने काहीच दिसले नाही तर उपकरणाला दोष देऊ नका.

मिलिमोलर द्रावणात बंध शोधणे

प्रथिने किंवा ईडीटीए (धातूला फार घट्ट धरणारे संयुग) यांची सवय असलेल्यांकडून ही चूक हमखास होते. कॅल्शियमशी चांगल्या जुळणाऱ्या साध्या साखरांचाही स्थिरांक (बंध किती घट्ट ते सांगणारा आकडा) बहुधा एक-अंकी असतो, प्रति मोलर. हा स्थिरांक २ धरून हिशेब करू. साखर १ मिलिमोलर आणि कॅल्शियम १ मिलिमोलर असेल तर बांधला गेलेला भाग सुमारे ०.२ टक्के. हा फरक कुठल्याही सामान्य पद्धतीत गोंगाटात बुडून जातो. साखर ०.१ मोलर केली आणि कॅल्शियम १० मिलिमोलर ठेवला, तर सुमारे सहावा हिस्सा कॅल्शियम बांधला जातो. आता काहीतरी दिसेल.

स्थिरांक खरोखर काढायचा असेल तर संपृक्तता (बांधला गेलेला भाग) २० ते ८० टक्के या टप्प्यातले बिंदू हवेत. स्थिरांक २ असताना त्यासाठी जो घटक वाढवत नेतो त्याची मुक्त संहती ०.१२५ पासून २ मोलरपर्यंत न्यावी लागते. पहिल्या १० टक्क्यांतल्या सरळ रेषेवर संगणकाने काढलेला स्थिरांक कागदावर कितीही सुबक दिसला तरी त्याला अर्थ नसतो. त्या तुकड्यात स्थिरांक आणि कमाल बदल हे दोन्ही आकडे एकमेकांना सांभाळून घेतात आणि कुठलीही जोडी बसते. जॉबचा आलेखही (साखर आणि धातूचे प्रमाण बदलत संकुलातले गुणोत्तर शोधणारा) इतक्या दुबळ्या बंधाला लावू नका. त्याचा माथा इतका सपाट येतो की १:१ आणि २:१ यांत निवड करायला तो उपयोगी नाही.

इथे दुसरी अडचण उभी राहते. २ मोलर कॅल्शियम क्लोराईडची आयनिक तीव्रता ६ मोलर होते. अशा द्रावणात सगळेच बदलते: क्रियाशीलता, घनता, रासायनिक सृती (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनादात, म्हणजे एनएमआरमध्ये, रेघ येते ती जागा). त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियममध्ये ग्लुकोजचे किंवा मिथाइल ग्लुकोपायरानोसाइडचे मापन करून ते वजा करावे लागते. ‘पाणी वजा’ हा तुलनेचा नमुना पुरत नाही.

चालकता उतरली म्हणजे आयन बांधला गेला?

२० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, १.००२ मिलिपास्कल-सेकंद. वजनाने २० टक्के सुक्रोज घातले की ती १.९५ च्या आसपास जाते, म्हणजे जवळपास दुप्पट. ३० टक्क्यांना ३.२. आयन त्याच प्रमाणात मंदावत नसले तरी मंदावतात नक्की, आणि चालकता खाली येते. पोटॅशियम क्लोराईड घेऊन बघा. पोटॅशियमला सुक्रोज धरत नाही तरी काटा उतरतोच.

ही तपासणी अशी करा. चार द्रावणे बनवा: कॅल्शियम क्लोराईड आणि रायबोज, कॅल्शियम क्लोराईड आणि ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराईड आणि रायबोज, पोटॅशियम क्लोराईड आणि ग्लुकोज. साखर सगळीकडे सारख्याच मोलॅलिटीची, तापमान जलपात्रात ±०.१ अंशात स्थिर. चालकता तापमानाच्या दर अंशाला साधारण दोन टक्के हलते, त्यामुळे टेबलावर उघड्या बीकरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. पोटॅशियमच्या जोडीत दोन साखरांमध्ये जितका फरक दिसतो त्यापेक्षा कॅल्शियमच्या जोडीतला फरक स्पष्ट जास्त असेल, तरच बंधाविषयी बोला.

मोलॅलिटी (दर किलो पाण्यामागे मोल) म्हटले, मोलॅरिटी (दर लीटर द्रावणामागे मोल) नव्हे, त्यालाही कारण आहे. १ मोलर सुक्रोजच्या लीटरभर द्रावणात ३४२ ग्रॅम साखर साधारण ०.२१ लीटर जागा अडवते. पाणी उरते ०.७९ लीटर, म्हणजे ५५.५ ऐवजी सुमारे ४४ मोल. त्यात विरघळलेला कॅल्शियम पाण्याच्या हिशेबाने सव्वापट संहत झालेला असतो. कॅल्शियम-निवडक इलेक्ट्रोड अशा द्रावणात कधीकधी मुक्त कॅल्शियम वाढलेला दाखवतो आणि मग कॅलिब्रेशन तिनदा केले जाते. इलेक्ट्रोड ठीक असतो, पाणी कमी झालेले असते.

बाटलीवरचे लेबल न वाचणे

यावर फार लिहायला नको, पण नुकसान मोठे होते. कॅल्शियम क्लोराईड निर्जल असेल तर रेणुभार ११०.९८, दोन पाण्यांचा असेल तर १४७.०१, सहा पाण्यांचा असेल तर २१९.०८. दोन पाण्यांचे मीठ निर्जल समजून तोलले तर द्रावण २४.५ टक्के कमी भरते. त्यातून हे मीठ हवेतले पाणी ओढते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली आठवड्याभरात चिकट होते. तोलण्यावर विसंबू नका. साठ्याचे द्रावण बनवून ०.०१ मोलर ईडीटीएने अनुमापन करा. १ मिली म्हणजे ०.४००८ मिलिग्रॅम कॅल्शियम. पीएच १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी वापरत असाल तर चिमूटभर मॅग्नेशियम-ईडीटीए घाला. नुसत्या कॅल्शियमला त्याचा अंत्यबिंदू लांबट, अस्पष्ट येतो.

ग्लुकोजही दोन तऱ्हेचे: निर्जल १८०.१६, एक पाण्याचे १९८.१७. आणि औषधांच्या दुकानातली ग्लुकोज पावडर तर या प्रयोगात अजिबात नको. तीत पुष्कळदा कॅल्शियमचे क्षार मुद्दाम मिसळलेले असतात.

बफर आणि ऋण आयन: न बोलावलेले पाहुणे

फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम घालून द्रावण गढूळ झाले की ‘साखर-कॅल्शियमचा साका’ म्हणून गाळून वाळवणारे असतात. तो कॅल्शियम फॉस्फेट असतो. सायट्रेट त्याहून फसवे, कारण साका पडत नाही; पण कॅल्शियमला सायट्रेट साखरेच्या हजारपटीने घट्ट धरते आणि साखरेच्या वाट्याला काही उरत नाही. ट्रिस बफर म्हणजे तीन हायड्रॉक्सिल आणि एक अमाइन असलेला रेणू. तांब्याच्या दृष्टीने तोच साखरेपेक्षा आकर्षक. कॅल्शियम व लँथनाइडसाठी एमईएस किंवा पाइप्स हे बफर ठीक आहेत, आणि जिथे बफरशिवाय भागते तिथे बफर वापरूच नका.

ऋण आयनांत सल्फेट टाळा, जिप्सम पडतो. शिसे आणि कॅडमियमसाठी क्लोराईड टाळा, ते स्वतःच धातूला चिकटतात. मग परक्लोरेट किंवा नायट्रेट उरतात. ते दुबळे चिकटतात, मोजमापाला सोयीचे. मात्र साखर आणि परक्लोरेट किंवा नायट्रेट यांचे मिश्रण कोरडे करू नका. रोटरी बाष्पकावर नाही, ओव्हनमध्ये नाही, ‘फक्त थोडेसे’ सुद्धा नाही. ऑक्सिडीकारक आणि इंधन एकत्र कोरडे केले तर जे होते तेच इथे होते: पेट किंवा स्फोट. स्फटिक हवे असतील तर क्लोराईड वापरा आणि अल्कोहोल घालून पाडा.

घाई

ताज्या विरघळवलेल्या अल्फा-ग्लुकोजचे विशिष्ट वलन (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते) +११२.२ अंश असते आणि अल्फा-बीटा रूपांचा तोल साधत हळूहळू ते +५२.७ वर स्थिरावते. साध्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात याला काही तास लागतात. या काळात घेतलेले कुठलेही मापन सरकत्या जमिनीवरचे असते. साखरेची द्रावणे आदल्या दिवशी बनवून शीतकपाटात ठेवणे हा साधा उपाय. रायबोज लवकर स्थिरावतो, तरी प्रत्येक वेळी कॅल्शियम वाढवल्यावर पुन्हा थांबावे लागते, कारण कॅल्शियम स्वतःच तो तोल हलवतो. साध्या पाण्यात रायबोजचा सुमारे पाचवा हिस्सा अल्फा-पायरानोज असतो. कॅल्शियम क्लोराईड वाढवत नेले की हा हिस्सा वाढतो. हाच तर बंधाचा सर्वात बोलका पुरावा, आणि तो एनएमआरवर थेट मोजता येतो.

मोजता येतो, जर पाण्याची उंच रेघ आड आली नाही तर. रायबोजच्या दोन्ही पायरानोज रूपांच्या पहिल्या कार्बनवरील हायड्रोजनच्या रेघा ४.८६ आणि ४.९२ पीपीएमला येतात. जड पाण्यातल्या उरल्यासुरल्या पाण्याची रेघ २५ अंशांना ४.८ च्या अलीकडेपलीकडे. ती दाबून टाकण्याचा नेहमीचा पल्स लावला की शेजारच्या रेघाही अर्ध्या मरतात आणि क्षेत्रफळावरून काढलेले प्रमाण खोटे येते. तापमान वाढवले तर पाण्याची रेघ दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएमने सरकते, पण त्याबरोबर अॅनोमरांचा (अल्फा-बीटा रूपांचा) तोलही सरकतो. म्हणून सगळी मालिका एकाच तापमानाला करा, किंवा सरळ कार्बन-१३ वर जा. क्षेत्रफळ वापरायचे असेल तर दोन स्पंदांमधला वेळ सर्वात मंद रेघेच्या टी-१ च्या (पूर्वस्थितीत येण्याच्या काळाच्या) किमान पाचपट हवा.

रेघांच्या जागा मोजायला संदर्भ म्हणून टीएसपी किंवा डीएसएस ही संयुगे घालण्याची सवय इथे अडचणीची. दोघांवर ऋण प्रभार आहे, आणि मोलर प्रमाणात कॅल्शियम किंवा लँथनाइड असताना संदर्भाची रेघच हलते. टर्शरी ब्युटेनॉल वापरा. जड पाण्यात पीएचमापकाने दाखवलेल्या आकड्यात ०.४ मिळवायचे, हेही राहून जाते. आणि रेघा विनाकारण रुंद दिसू लागल्या तर आधी तांबे, मँगनीज, लोह यांचा मागमूस शोधा. बहुधा धातूचा चमचा किंवा आधीच्या वापरातली नलिका निघते.

अल्क घातल्यावरचे गोंधळ

अल्कात चित्र पालटते. साखरेच्या हायड्रॉक्सिलचा पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो ते सांगणारा आकडा; लहान तितका सहज) १२ च्या थोडा वर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती बरीच आम्लधर्मी. प्रोटॉन गेला की बंध कितीतरी घट्ट होतो. हे डोळ्यांनी बघायचे असेल तर १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवा, २ ग्रॅम विरलेला चुना घाला (चुनकळी नको, ती पाण्यात पडताच तापते आणि उडते), बूच लावून अर्धा तास हलवा आणि गाळा. साध्या चुन्याच्या निवळीत लीटरला जेमतेम १.७ ग्रॅम चुना असतो. तिच्या १० मिलीला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ४.६ मिली लागते. साखरेच्या गाळिताला त्याच्या कितीतरी पट लागेल. आता ते गाळित परीक्षानळीत हळूहळू तापवा. स्वच्छ द्रावण गढूळ होते, थंड केल्यावर पुन्हा निवळते. तापल्यावर तीन कॅल्शियमवाला सॅकरेट बाहेर पडतो. बीटच्या मळीतून साखर परत मिळवण्याची स्टेफन पद्धत चुना-साखरेच्या याच अविद्राव्य सॅकरेटवर उभी आहे.

प्रयोग फसला, म्हणजे थंडातच पांढरा साका पडला, तर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमुळे. पाणी १५ मिनिटे उकळून बूच लावून थंड करा, आणि पीएच अनुमापन करत असाल तर द्रावणावरून नायट्रोजन सोडा. तापवल्यावर निवळेनासा झालेला गढूळपणाही बहुधा कार्बोनेटच असतो.

इथे सुक्रोज घेतले ते मुद्दाम. ग्लुकोज अल्कात टिकत नाही. त्याचे काही प्रमाणात फ्रुक्टोज आणि मॅनोज होतात, द्रावण पिवळे, मग तपकिरी पडते. पीएच ११ च्या वर तासाभराने घेतलेला बिंदू नक्की कुठल्या साखरेचा, हे सांगता येत नाही. मॉलिब्डेट घेणाऱ्यांनी तर आम्लातही सावध राहावे. तापवल्यावर मॉलिब्डेट ग्लुकोजचा दुसरा कार्बन उलटवून मॅनोज बनवते. ही बिलिक अभिक्रिया, आणि ती संकुलामधूनच घडते.

तांब्याबद्दलचा गैरसमज शाळेतूनच येतो. फेलिंगच्या द्रावणाचा गडद निळा रंग ‘ग्लुकोजने तांबे धरल्याचा’ नव्हे. तिथे तांबे धरलेले असते टार्टरेटने, बेनेडिक्टमध्ये सायट्रेटने. ग्लुकोज येतो आणि तांब्याचे क्षपण करतो. तांबडा साका हा क्युप्रस ऑक्साईड. म्हणून क्षपणकारी साखरेबरोबर तांब्याचा स्थिरांक अल्कात काढू नका; साध्या तापमानालाही काही तासांत तळाशी तांबूस थर दिसतो. मॅनिटॉल किंवा सॉर्बिटॉल घ्या. कॉपर सल्फेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साईड टाकून पडलेला निळा चोथा मॅनिटॉलमध्ये विरघळून गडद निळा होतो आणि तसाच राहतो.

लोहाची चूक जास्त सूक्ष्म. फेरिक क्लोराईड, साखर आणि अल्क यांचे तपकिरी द्रावण स्वच्छ राहिले, साका पडला नाही, म्हणून ते संकुल मानले जाते. रक्तक्षयासाठी शिरेतून देतात त्या आयर्न सुक्रोजचे उदाहरण घ्या. ते खऱ्या अर्थाने विरघळलेले संकुल नसून लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साईडचा अतिसूक्ष्म गाभा आणि त्याभोवती सुक्रोजचे आवरण असे कलिल आहे. तुमचेही तसेच असू शकते. अंधारात लेझर पॉइंटरचा किरण आत सोडा. किरणाची वाट दिसली तर कण आहेत. न दिसली तरी लगेच खूश होऊ नका, फार बारीक कण चुकतात. १० किलोडाल्टनच्या पडद्यातून सेंट्रिफ्यूजवर गाळा आणि खालच्या द्रवातले लोह मोजा. सगळा रंग वर अडकला तर तुमच्याकडे संकुल नाही.

मिसळण्याच्या क्रमानेही निकाल बदलतो. साखर भरपूर, ढवळत, त्यात लोह, आणि शेवटी पातळ अल्क थेंबाथेंबाने. उलट केले तर थेंब पडतो त्या जागी हायड्रॉक्साईडच्या गुठळ्या होतात आणि त्या साखर नंतर फोडू शकत नाही.

कॅल्शियमच्या स्तंभावर शिखरे बिघडली तर

याच दुबळ्या बंधाचा उत्तम व्यावहारिक उपयोग म्हणजे कॅल्शियम रूपातल्या रेझिनचा एचपीएलसी (द्रव वर्णलेखन) स्तंभ; त्यातून साखरा वेगळ्या होऊन शिखरांच्या रूपात दिसतात. वाहक फक्त पाणी. सुक्रोज आधी, मग ग्लुकोज, मग फ्रुक्टोज, कारण कॅल्शियमकडे फ्रुक्टोजची ओढ ग्लुकोजपेक्षा जास्त. साखर कारखान्यांच्या आणि आसवन्यांच्या प्रयोगशाळांत हा स्तंभ रोजचा, आणि त्याच्या तक्रारीही रोजच्या.

शिखर रुंद किंवा दुभंगलेले दिसले तर तापमान बघा. कमी तापमानात अल्फा आणि बीटा रूपे एकमेकांत सावकाश बदलतात आणि स्तंभ त्यांना वेगळे करू लागतो. ८० ते ८५ अंशांना हा बदल इतका वेगवान होतो की एकच शिखर येते. थंड स्तंभावर मात्र पूर्ण प्रवाह सोडू नका, रेझिन मऊ असते, दाबले जाते. आधी मिनिटाला ०.२ मिली, तापल्यावर ०.५ ते ०.६.

धारण-काळ (साखर स्तंभात थांबते तो वेळ) आठवड्यागणिक आक्रसत जाणे हे ऊसाचा रस आणि मळी थेट टोचल्याचे लक्षण. मळीत पोटॅशियम भरपूर. ते रेझिनवरचा कॅल्शियम हळूहळू हुसकावते. नमुना योग्य पातळ करून, ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, आयन काढणाऱ्या छोट्या कार्ट्रिजमधून नेलाच पाहिजे. आम्लधर्मी नमुन्यांनी स्तंभ अंशतः हायड्रोजन रूपात गेला तर त्याहून विचित्र गोष्ट घडते: सुक्रोज स्तंभातच फुटते. शुद्ध सुक्रोज टोचले तरी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दिसतात, आणि दोष नमुन्याला दिला जातो.

पुनर्भरणासाठी ०.१ मोलर कॅल्शियम नायट्रेट, ८५ अंशांना, मिनिटाला ०.१ ते ०.२ मिली, रात्रभर, डिटेक्टर वेगळा काढून. मग पाण्याने धुवा. त्यानंतर आधी नुसते १ टक्का सुक्रोज टोचा. ग्लुकोजच्या जागी आधाररेषा सपाट असेल तर मिश्र प्रमाणित द्रावण टोचा. तिथे अजूनही उंचवटा असेल तर आणखी एक रात्र कॅल्शियम नायट्रेट चालू ठेवा.